चिमूटभर पितळ

केशवरावांची शेवरलेट पहिल्यांदा बंद पडली तेव्हा मला आनंद झाला होता, उगाच खोटं कशाला बोला. अशी गाडी आपल्या हाताखाली यावी म्हणून मिस्तरी लोक नवस बोलतात. दुसऱ्यांदा बंद पडली तेव्हा मात्र माझ्या तोंडचं पाणी पळालं. कारण तोवर तिचं इंजिन मी उघडून, भरून, पुन्हा बांधून दिलं होतं आणि भंडाऱ्यात भेटेल त्याला ते सांगत सुटलो होतो.

ही शहात्तर सालची गोष्ट. गाडी स्वातंत्र्याच्या आधीची, काळी, सहा सिलिंडरची, दाराखाली पाटाएवढी रुंद पायरी असलेली. केशवराव पवनीच्या वाटेवरच्या एका गावचे जुने मालगुजार, म्हणजे जमीनदारच. मालगुजारी कायद्यानं गेली, गाडी तेवढी राहिली. ती चालवायला धनीराम होते. धनीरामकाका तरुणपणी चिखल्याच्या खाणीवर मँगनीजच्या लॉऱ्या चालवायचे. तिथून केशवरावांनी त्यांना आणलं ते कायमचंच. बौद्धपुऱ्यातला माणूस पुढच्या सीटवर आणि मालगुजार मागच्या, हे बघून गावात काही जणांच्या पोटात दुखायचं. काकांनी त्यांना कधी उत्तर दिलं नाही. त्यांनी गाडी पुसली आणि चालवली.

या इंजिनाची रचना सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. पिस्टनला क्रँकशी, म्हणजे खालच्या फिरत्या दांड्याशी, जोडणारे सहा रॉड असतात. रॉडचं खालचं तोंड क्रँकवर फिरतं, आणि लोखंडावर लोखंड घासू नये म्हणून त्या तोंडात आतून मऊ पांढऱ्या धातूचा थर ओतलेला असतो. शिवाय प्रत्येक रॉडच्या बुडाला एक लहानसा चमचा. तो खालच्या चेंबरमधलं तेल उडवत फिरतो आणि त्यावर सगळ्यांचं भागतं. तेल कमी झालं की चमचा नुसता हवेत फिरतो, पांढरा धातू जळतो आणि इंजिन आतून ठोकायला लागतं.

पहिल्या वेळी तो थर म्हातारपणानं झिजला होता. नवे रॉड विलायतेतून येणं केव्हाच बंद झालेलं. नागपूरला असा थर भरून देणारा एक जण होता, तो वारला. मग राहिले माझे वडील, यादोराव कासार, आमचे बाबूजी.

आमचं घराणं पितळेचं. भंडाऱ्याच्या आमच्या गल्लीत सकाळपासून ठोकाठोकी सुरू व्हायची ती दिवेलागणीलाच थांबायची. बाबूजींच्या हातचा गुंड, म्हणजे पितळी घागर, पाण्यानं भरून दगडावर आपटला तरी तडा जायचा नाही, अशी ख्याती. मी तो धंदा सोडून मोटारींच्या काळ्या तेलात हात घातले, तेव्हापासून ते माझ्याशी कामापुरतं बोलायचे. त्यामुळे मी रॉड घेऊन त्यांच्या भात्यापाशी गेलो तेव्हा तोंडानं त्यांनी मला भरपूर ऐकवलं, पण हात आधीच धातू वितळवायच्या मुशीकडे गेला होता. शेवटी पोरगा आपल्याच दारी आला, याचा त्यांना कोण आनंद झाला होता. मी रॉड तापवत होतो आणि ते मुशीतून धातू ओतत होते. इतक्या वर्षांत आम्ही बापलेक पहिल्यांदा शेजारी शेजारी बसून काम केलं. काम देखणं झालं. गाडी सुरू झाली आणि काकांनी ती अगदी हळूहळू, नव्या नवरीसारखी जपत चालवली.

आणि महिना पुरता उलटला नसेल, तोच केशवरावांना नागपूरहून आणताना पवनीच्या रस्त्यावर एका चढाला इंजिन ठोकायला लागलं. काकांनी तिथंच बंद केलं. एवढं झालं असतं तरी प्रकरण सोपं होतं. पण केशवरावांच्या पुतण्यानं शहाणपणा केला आणि ट्रॅक्टर लावून गाडी ओढत आणली, तीही नाल्यातून. दगडावर चेंबर फाटलं आणि तेल नाल्यात गेलं. आता गाडीत तेल होतं की नव्हतं, हे सांगायला तेलच उरलं नव्हतं.

केशवराव दुसऱ्या दिवशी माझ्या दुकानात येऊन खुर्चीवर बसले. माणूस वाईट नव्हता. आवाज चढवणं त्यांना माहीतच नव्हतं. त्यांनी काकांना जवळ बोलावून विचारलं, निघताना तेल पाहिलं होतं का. काका म्हणाले, पाहिलं होतं, कमी वाटलं म्हणून टाकलंही. केशवरावांनी पुन्हा विचारलं, नक्की आठवतं का.

आणि काका थांबले.

तेवढ्या थांबण्यानं सगळा घोटाळा केला. कारण त्या थांबण्याचा अर्थ तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होता. मागच्याच महिन्यात काका रेडिएटरचं झाकण विहिरीवर विसरून आले होते. त्याआधी एकदा त्यांनी गाडी काढून केशवरावांना विचारलं होतं, बाईसाहेब येणार आहेत का, आणि बाईसाहेब, केशवरावांच्या पत्नी, थंडीतच वारलेल्या. काकांचा बाप म्हातारपणी असाच विसरत विसरत गेला होता. शेवटी शेवटी त्याला घरचं दार ओळखू येत नव्हतं, लोक त्याला तलावाच्या पाळीवरून हात धरून आणायचे. काकांनीच कितीदा तरी आणलं होतं.

"तुझा दोष नाही, धनीराम," केशवराव मायेनं म्हणाले. "वय झालं. होते असं."

माझं डोकंच फिरलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. शिवीला माणूस उलटून बोलू शकतो, मायेनं म्हातारं ठरवलं तर काय बोलणार? काका मान खाली घालून उभे होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर मला स्वच्छ भीती दिसत होती. नोकरी जाईल याची ती भीती नव्हती. आपलं डोकं बापाच्या वाटेनं निघालं की काय, याची होती.

मी केशवरावांच्या समोरच इंजिन उघडायला घेतलं. आत दोनच गोष्टी निघू शकत होत्या: एक तर काका विसरले होते, नाहीतर मी कुठंतरी चुकलो होतो. पहिला रॉड काढला, धातू ठीक. दुसरा, तिसरा, चौथा, पाचवा, सगळे ठीक. सहावा काढला तर आतला थर फुटून त्याचे कपचे निघाले. क्रँकवर त्या जागी ओरखडे पडले होते.

माझ्या मनात आलं, तेल संपलं असतं तर एकट्या सहाव्यानंच काय घोडं मारलं होतं? पण केशवराव म्हणाले की एकाचा चमचा उपाशी राहू शकतो, चढावर तेल सरकतं. गाडी जन्मभर बाळगलेल्या माणसाला तेवढं कळत होतं. मी कपचा उजेडात धरला आणि नखानं खरवडला. पांढऱ्या धातूत पिवळे कण होते, मोहरीहून बारीक. लोखंडाला ओरबाडण्याइतके कडक.

मला ते कण ओळखायला क्षणही लागला नाही. कपचा मी चिंधीत गुंडाळला आणि केशवरावांना म्हणालो की कारण शोधून सांगतो, घाई करू नका. ते काकांना घेऊन गेले.

आता आमच्या घरची रीत सांगतो. देव्हाऱ्याशेजारी आमच्या मूळ पुरुषानं घडवलेला पहिला गुंड ठेवलेला आहे. मुशीत नवा धातू पातळ झाला की त्या गुंडाच्या कडेला कानशीनं घासून ठेवलेला चिमूटभर कीस त्यात टाकायचा. आजोबा टाकायचे, पणजोबा टाकायचे. त्याशिवाय धातू घरचा होत नाही, पोरका राहतो, असं बाबूजी म्हणत. कीस एका डबीत असतो आणि डबी उजव्या हाताशी. आमच्या घरात ती चिमूट कुणाला दिसतही नाही, इतकी ती सवयीची. रॉड भरताना ती पडलीच असणार, हे मला त्या पिवळ्या कणांनी सांगितलं.

बाबूजी गुंडाचा गळा ठोकत बसले होते. मी कपचा समोर ठेवला. त्यांनी तो उचलला, बघितला आणि परत ठेवला.

"कीस विरघळते," ते म्हणाले. "पितळात विरघळते, तं ह्याच्यात काहून नाई?"

मी समजावून सांगितलं की पितळ लालबुंद होऊन वितळतं, म्हणून पितळेचा कीस त्यात मिसळून जातो. हा पांढरा धातू तर घरच्या चुलीवर पातळ होतो. तेवढ्या आचेत पितळेचं काय होणार? कण जड, ते मुशीच्या तळाशी बसले आणि शेवटी उरलेला गाळ सहाव्या रॉडमध्ये गेला. सुरुवातीला थराच्या पोटात दडले, थर जरा झिजल्यावर वर आले. बाबूजींनी ऐकून घेतलं आणि मला विचारलं की मोटारीवाल्यांनी मला आता मुशीचं ज्ञानही द्यायला सुरुवात केली का.

मी चिडून उठणार होतो. पण ते माझ्या आधी उठले. उरलेला पांढरा धातू मुशीत टाकला, भाता ओढला, धातू पातळ झाल्यावर डबीतली चिमूट त्यात सोडली आणि चांगला ढवळला. मग फरशीवर ओतला. तो निवू दिला. त्यांनी छिन्नीनं तो तुकडा मधोमध तोडला. कण तसेच होते, तळाशी ओळीनं बसलेले.

कीस फडक्यातून गाळून आणखी बारीक केला आणि पुन्हा सगळं केलं. पुन्हा तोडलं. पुन्हा तेच. त्यांनी छिन्नी खाली ठेवली.

मी म्हणालो, आत्ताच केशवरावांकडे जातो. त्यांनी माझं मनगट धरलं.

"तू नाई जाचं. चूक माही हाये, मीच सांगीन. पण नुसतं तोंड घेऊन नाई जात. आधी गाडी चालू होऊ दे."

हीसुद्धा आमच्या गल्लीची रीत. भांडं गळकं निघालं तर कासार गिऱ्हाइकाच्या दारी रिकाम्या हातानं जात नाही. नवं भांडं घडवतो, ते घेऊन जातो, आणि मग चूक कबूल करतो. भांड्यापुरती ही रीत चांगली आहे. नव्या भांड्याची वाट बघताना गिऱ्हाइकाचं काय बिघडतं? ते शेजाऱ्याच्या भांड्यात पाणी भरून घेतं. इथं वाट बघणारा माणूस आपल्याच डोक्यावर संशय घेत बसला होता. मी हे बाबूजींना ओरडून सांगितलं. त्यांनी मनगट सोडलं नाही. बापापुढे मी मूग गिळून बसलो आणि कामाला लागलो.

काम सोपं नव्हतं. सहाही रॉडांमधला धातू काढून टाकला. क्रँकवरचे ओरखडे जवाहरनगरच्या कारखान्यातला एक ओळखीचा टर्नर सुट्टीच्या दिवशी येऊन बघून गेला. तो म्हणाला, खराद्यावर, म्हणजे लेथवर, चढवायची गरज नाही, पॉलिश पेपरची पट्टी दोरीनं फिरवून हातानं घास, पण गोलाई बिघडली तर संपलास. मी घासत होतो, मोजत होतो, पुन्हा घासत होतो. पाठ मोडून गेली. फाटलेलं चेंबर झाळून घेतलं. रोज वाटायचं, आज धनीरामकाका दुकानात येतील आणि विचारतील. ते आले नाहीत.

मग रॉड भरायचा दिवस आला. बाबूजींनी नवी मूस घेतली. मी रॉड तापवून आतून कल्हई करून तयार ठेवले होते. धातू पातळ झाला, वरची मळी त्यांनी पळीनं काढली. आणि त्यांचा उजवा हात डबीकडे गेला.

मी बघत राहिलो. ओरडलो असतो तर त्यांचा कायमचा अपमान झाला असता, न ओरडावं तर रॉड पुन्हा वाया आणि काका तसेच अडकलेले. हात डबीवर टेकला. चिमूट उघडली. मग तिथंच थांबली. अख्ख्या घराण्याची सवय त्या हातात होती आणि ती एकट्यानं आवरायची होती.

"ही घरात ठेवून ये," ते म्हणाले आणि डबी माझ्याकडे सरकवली.

मी परत आलो तेव्हा त्यांनी ओतायला सुरुवात केली होती. धार सरळ होती. डोळे मात्र पाण्यानं भरले होते, आणि ते धुरानं नव्हे, हे मला कळत होतं.

रॉड दुकानात नेऊन मी त्यांची तोंडं कातून, खरवडून बसवत होतो. बाबूजी आता रोज दुकानात येऊन बसायचे. त्याच वेळी एका दुपारी गोदावरीबाई आल्या, धनीरामकाकांच्या बायको. बसा म्हटलं तर बसल्या नाहीत. त्यांनी सांगितलं की काका धड जेवत नाहीत. दार लावलं का, चूल विझवली का, हे पुन्हा पुन्हा विचारतात. रस्त्यानं जाताना ओळखीच्या माणसाचं नाव आधी मनात घोकतात आणि मगच हाक मारतात.

"रोज सकाळी तेलाचा रिकामा डबा हातात घेऊन उभे राह्यतात," त्या म्हणाल्या. "टाकलो का नाई टाकलो, मलेच पुसतात. तुमी इंजिन खोललं न, मिस्तरी. तेल नोहतं म्हणून सांगा, मी त्याईले दवाखान्यात नेतो. नाई तं होतं म्हणून सांगा. काही तरी एक सांगा."

मी बाबूजींकडे पाहिलं. ते रॉडकडे बघत होते.

मी सांगितलं, तेल होतं. गोदावरीबाईंनी विचारलं, तुम्ही डोळ्यांनी पाहिलं का? चेंबर फाटलेलं आणलं होतं हे त्यांनाही ठाऊक होतं. पितळेचे कण माझ्या ओठांवर आले होते. पण बाबूजी समोर होते आणि त्यांनी ते स्वतःच्या तोंडानं सांगायचं ठरवलं होतं. मी पुन्हा नुसतंच म्हणालो, होतं, काकू, खात्रीनं होतं. त्यांना ते मिस्तरीचं सांत्वन वाटलं. हात जोडून त्या निघून गेल्या.

मग मी बाबूजींवर तुटून पडलो. म्हटलं, तुमचं नवं भांडं तयार होईपर्यंत तो माणूस वेडा होईल. त्यांनी खालच्या मानेनं विचारलं, उद्या सुरू होईल का? मी म्हणालो, उद्या सकाळी सुरू करतोच, आणि नाही झाली तरी मी सांगायला जाणार, मग तुम्ही मला घरात घ्या नाहीतर न घ्या.

सकाळी इंजिन सुरू झालं. मी पेचकसाचं टोक सिलिंडरच्या अंगाला लावून मूठ कानाला टेकवली आणि एकेक रॉड ऐकत गेलो. सहाव्यापाशी बराच वेळ थांबलो. आवाज मऊ होता. बाबूजी माझ्या तोंडाकडे बघत होते. मी मान हलवली, तेव्हा ते भिंतीला टेकले.

एवढ्यात एक तरणाबांड गडी दारात आला. भैय्यालाल त्याचं नाव, केशवरावांचा नवा ड्रायव्हर. गाडी न्यायला पाठवलं होतं. मी विचारलं, धनीरामकाका कुठं आहेत? तर म्हणाला, काल संध्याकाळी त्यांनी चार लोकांसमोर किल्ली मालकांच्या पुढे ठेवली आणि सांगून टाकलं की मी तेल टाकायचं विसरलो.

दुकानात इंजिन चालू होतं आणि तरी मला सगळं शांत झाल्यासारखं वाटलं. बाबूजींनी खुंटीवरची टोपी घेतली, गाडीचं पुढचं दार उघडलं आणि बसले. हयातीत ते त्या गाडीत बसले नव्हते.

"चाल," ते मला म्हणाले.

मी स्टिअरिंगवर, बाबूजी शेजारी, भैय्यालाल मागे. नवा धातू बसेपर्यंत गाडी बैलगाडीच्या चालीनं चालवावी लागते. जोरात दामटली तर तो जळतो आणि सगळं मुसळ केरात. हळू चालवावं तर जीव वर येत होता. बाबूजी दर थोड्या वेळानं म्हणायचे, जरा हाण की. मी म्हणायचो, तुमचाच धातू आहे, त्याला विचारा. मग ते पुढे वाकून ऐकायचे.

जिथं इंजिन ठोकलं होतं तो चढ आला. मी गिअर उतरवला. अर्ध्या चढावर ठोका ऐकू आला. ठक. ठक. बाबूजींनी माझ्या मांडीवर हात दाबला. थांबलो तर पुन्हा ट्रॅक्टर, पुन्हा नाला, आणि धनीरामकाकांना सांगायला हातात काहीच नाही. मी पाय सैल केला. इंजिनाचा वेग उतरला, ठोका मात्र तसाच. मग कळलं की तो इंजिनाच्या तालात नाहीच. भैय्यालालच्या पायाशी जॅक सुटा पडला होता, तो दारावर आपटत होता. भैय्यालालनं त्यावर पाय ठेवला आणि ठोका थांबला. बाबूजींनी टोपी काढून कपाळ पुसलं.

केशवराव ओसरीवर होते. गाडीचा आवाज ऐकून खाली आले, बॉनेटवर हात फिरवला, खूश झाले. बाबूजी उतरले. रामराम घातला आणि गाडीच्या पायरीशी उभं राहूनच त्यांनी सांगितलं, पहिल्यापासून. डबी, कीस, मूस, सहावा रॉड. खिशातून तोडलेला तुकडा काढून हातावर ठेवला. आजूबाजूला गडीमाणसं जमली होती. भंडाऱ्यात ज्यांच्या हाताला कुणी नाव ठेवलं नव्हतं, ते यादोराव कासार भर अंगणात स्वतःच्या हाताला नाव ठेवत होते. मला त्यांचा अभिमान वाटला आणि संतापही आला, कारण हेच कितीतरी आधी व्हायला हवं होतं.

केशवरावांनी तुकडा डोळ्यांशी धरला. बराच वेळ बघितला.

"मग धनीरामनं कबूल काहून केलं?" ते म्हणाले.

"तुमी त्याले म्हातारा म्हटलं, अन् मी चूप बसलो," बाबूजी म्हणाले. "आपण दोघांनी मिळून कबूल करवलं त्याच्याकडून."

केशवरावांचा चेहरा उतरला. उलट उत्तर ऐकायची सवय नव्हती त्यांना. पण ते रागावले नाहीत. आत जाऊन किल्ली घेऊन आले आणि म्हणाले, चला. गाडी अंगणातच ठेवून आम्ही पायी निघालो. मालगुजार बौद्धपुऱ्याकडे चालत निघालेले बघून लोक दारात येऊन उभे राहिले.

धनीरामकाका घरासमोर खाट विणत बसले होते. आम्हाला बघून उठले आणि दोरी हातातच राहिली. गोदावरीबाई दारात आल्या. बाबूजींनी पुन्हा सगळं सांगितलं, या वेळी थोडक्यात. कण दाखवले. म्हणाले, तेलानं काही झालं नाही, माझ्या चिमटीनं झालं, मला माफ कर.

माफीचं काकांना ऐकूच गेलं नाही बहुधा. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"म्हणजे तेल होतं?"

"होतं, काका," मी म्हणालो. "भरपूर होतं. बाकीचे पाचही रॉड निरोगी निघाले."

ते खाटेच्या काठावर बसले. केशवरावांनी किल्ली पुढे केली, काहीतरी बोलले. काकांनी किल्लीकडे पाहिलंच नाही. ते बायकोकडे बघत होते.

"त्या दिवशी डबा उघडाले गेलो, तं झाकण आखडलं होतं," ते तिला म्हणाले. "दातानं काढलो. तेलाची चव आली तोंडात, थुंकलो. मंग टाकलो. तेल मोजाची पट्टी धोतराले पुसलो, तू रागावली. रागावली होती न?"

"हो," गोदावरीबाई म्हणाल्या. "लय रागावली होती."

"मले वाटे, मी हे मनानंच रचून राहिलो." त्यांनी हातातली दोरी खाली ठेवली. "इतके दिवस. रोज आठवे, अन् रोज मी म्हणो, हे खोटं हाये, धनीराम, तुहा बाप बी असाच सांगे."

गोदावरीबाई त्यांच्याजवळ जाऊन बसल्या. आम्ही तिघं अंगणात उभे होतो आणि आमच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. काका तिला ती सकाळ पुन्हा पहिल्यापासून सांगत होते आणि त्या प्रत्येक गोष्टीला हो म्हणत होत्या.